तळ्यापर्यंतचे हातवारे

हात सरळ बाहेर, तळवा पुढे: उजवीकडे वळतोय

भाड्याची गाडी वळणावर आली आणि मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

गाडी जावई चालवत होता. मास्तर, म्हणजे त्याचे सासरे, शेजारी बसले होते. या परक्या देशातल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे मास्तरांच्या वाट्याला उजवी सीट आली होती आणि सगळ्या कटकटीचं मूळ त्या सीटमध्ये होतं. मास्तरांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. जन्मभर ते डाव्या सीटवर बसले, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. उजवीकडे शिकणारा बसायचा, घाम पुसत. आता डावीकडे जावई बसला होता आणि मास्तर विद्यार्थ्याच्या जागेवर. पायाखाली ब्रेक नाही, हातात चाक नाही. उरली ती खिडकी.

"गाडीला इंडिकेटर आहे, बाबा," जावई म्हणाला. हे तो प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून म्हणत होता आणि आता त्याच्या आवाजातला 'बाबा' नुसता नावाला उरला होता.

"बल्ब जातो," मास्तर म्हणाले. "हात जात नाही."

हे वाक्य त्यांच्या स्कूलच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं. त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ होतं. जावयाला नव्हतं, कारण जावई गाडी चालवायला पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या स्कूलमध्ये शिकला होता. लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी मुलाचा पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. लायसन्स कुठून काढलं एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून पाण्याचा पेला खाली ठेवला. तो पेला मनात अजून तिथेच ठेवलेला होता.

मागच्या सीटवर दोघी होत्या. मास्तरांची बायको, जिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, जरी तिने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आणि त्यांची मुलगी, म्हणजे जावयाची बायको. ही एका मोठ्या दवाखान्याच्या काउंटरवर बसते. डॉक्टर आतून एखादाच शब्द टाकून निघून जातात, त्याचं नातेवाइकांना झेपेल असं काहीतरी करून सांगायचं, हे तिचं रोजचं काम. प्रवासाला निघायचं ठरल्यापासून ती इथली भाषा मोबाइलवर शिकत होती. तिला "माझ्या काकांकडे हिरवी छत्री आहे" हे अस्खलित म्हणता यायचं. बाकीचं ती जमवून घ्यायची.

हा सगळा खटाटोप एका तळ्यासाठी होता. स्कूलच्या ऑफिसात, मास्तरांच्या खुर्चीमागे, एका जुन्या कॅलेंडरचं पान कितीतरी वर्षं लटकत होतं. निळं तळं, मागे डोंगर, काठाने गेलेला रस्ता. मास्तरांनी ते रस्त्यासाठी ठेवलं होतं, वळण कसं घ्यावं ते विद्यार्थ्यांना दाखवायला. मास्तरीणबाई डबा घेऊन यायची, मास्तर जेवेपर्यंत समोरच्या बाकावर बसायची आणि तळं बघायची. स्कूल बंद झालं तेव्हा मास्तरांनी टेबल विकलं, खुर्च्या वाटून टाकल्या. तिने ते पान तेवढं काढून घडी करून पर्समध्ये ठेवलं. कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मुलीने मात्र पाहिलं होतं.

हात नाही, हँडब्रेक: हा इशारा कुठल्याच पुस्तकात नाही

गोल चौकात ते घडलं.

डावीकडून एक ट्रक येत होता. जावयाने तो पाहिला होता. मास्तरांच्या मते पाहिला नव्हता. मास्तरांचा पाय सवयीने जमिनीवर दाबला गेला. तिथे नुसता गालिचा होता, गालिच्याने काही गाडी थांबत नाही. मग त्यांचा डावा हात आपोआप दोन सीटच्या मध्ये गेला आणि त्यांनी हँडब्रेक ओढला.

गाडी चौकाच्या मधोमध उभी राहिली. ट्रक हॉर्न देत वळसा घालून गेला. थर्मासमधला चहा मुलीच्या मांडीवर सांडला. चहा गार होता हे तिचं नशीब.

जावयाने गाडी पुढे नेऊन कडेला लावली. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या घाबऱ्या माणसांशी फोनवर शांतपणे बोलायचा त्याला पगार मिळतो. पण लिफ्टमधल्या माणसाची सुटका होते. इथे अडकलेला तो स्वतः होता आणि फोन कुणाला करायचा ते ठाऊक नव्हतं. तो त्याच शांत आवाजात म्हणाला, "पुढच्या गावात गाडी परत करतो. तिथून विमानतळाची बस मिळते."

"माझी हरकत नाही," मास्तर म्हणाले. "जीव असला तर तळी पुष्कळ."

मुलीने दोघांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूंकडे पाहिलं. एका डोक्यावर केस होते, एका डोक्यावर नव्हते, बाकी हट्टात काही फरक नव्हता. मग तिने आईकडे पाहिलं. आईने पर्सची चेन उघडली होती. ती तिने परत लावली आणि म्हणाली, "मुलांना कंटाळा आलाय, जाऊ दे. तळं काय, चित्रात असतं तसंच असणार."

मुलगी पन्नाशीला टेकली होती आणि जावई पन्नाशीच्या पलीकडे गेला होता. मुलं म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही. मांडीवरचा चहा टिपता टिपता तिने ठरवलं की तळं बघितल्याशिवाय या गाडीतून कोणी उतरणार नाही. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

हात आत, काच वर: सांगण्यासारखं काही नाही

या भागात कोणी बोललं नाही.

बाहेर शेतं होती. नंतर आणखी शेतं होती.

हात मागून पुढे: मागच्याने पुढे जावे

काच वर राहिली ती थोडाच वेळ. मास्तरांना बाजूच्या आरशात एक पांढरी गाडी दिसली. पट्ट्यापट्ट्यांची होती आणि बराच वेळ मागेच होती. तिला पुढे जायचं असणार आणि जावई वाट देत नसणार, हे मास्तरांना कळून चुकलं. जावयाशी अबोला होता. मागच्या गाडीशी नव्हता. त्यांनी काच खाली घेतली, कोपरापर्यंत हात बाहेर काढला आणि मागून पुढे, मागून पुढे, असा झुलवला.

त्या देशात हातवाऱ्यांनी गाडी चालवणारं माणूस उरलं नव्हतं. पांढऱ्या गाडीतल्या दोघांना एवढंच दिसलं की समोरच्या गाडीतला एक म्हातारा खिडकीतून हात काढून जीव तोडून बोलावतो आहे. ती गाडी जवळ आली.

फारच जवळ आली असं मास्तरांना वाटलं. दोन गाड्यांमधल्या अंतरावर ते स्कूलमध्ये पहिल्याच दिवशी अर्धा तास बोलायचे. त्यांनी तळवा खाली करून हात वर-खाली केला: वेग कमी करा. मागच्यांना वाटलं, म्हातारा सांगतोय, सांभाळून, आत धोका आहे. त्यांनी दिवे चमकवले. इतक्या दिवसांत मास्तरांच्या इशाऱ्याला पहिल्यांदाच कोणी उत्तर दिलं होतं. ते खुलले. त्यांनी हात गोल फिरवून दाखवला: डावीकडे वळतोय. वळायचं नव्हतं, पण समोरच्याला येतंय की नाही ते पाहायला हवं.

भोंगा वाजला.

जावई दचकला. उजवीकडे बघायचंच नाही अशी त्याने शपथ घेतली होती, त्यामुळे यातलं काहीच त्याने पाहिलं नव्हतं. त्याने गाडी कडेला घेतली. मास्तरांनी हात कोपरातून वर केला, तळवा पुढे: थांबतोय. तेवढा एक इशारा दोन्ही देशांत सारखा निघाला.

दोन्ही हात वर: हाही पुस्तकात नाही

एक उंच पोलीसबाई उतरली आणि तिच्यामागून तिचा पिकल्या मिशांचा जोडीदार. जावयाला बाहेर बोलावून बॉनेटपाशी उभं केलं. त्याने लगेच दोन्ही हात वर केले, जरी कोणी सांगितलं नव्हतं, आणि लिफ्टच्या फोनवरच्या आवाजात, स्वतःच्याच भाषेत म्हणाला, "घाबरू नका. सगळं ठीक आहे. माणूस येतोय." जोडीदार त्याच्याकडे आणखी बारकाईने बघायला लागला.

पोलीसबाई मास्तरांच्या खिडकीशी वाकली आणि फार हळू, फार मायेने काहीतरी विचारलं. मग तिने मागच्या सीटकडे पाहिलं. मुलीने भाषांतर केलं.

"बाबा, त्या विचारताहेत, तुम्ही या गाडीत तुमच्या खुशीनं बसलात ना?"

मास्तरांनी वेळ घेतला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना प्रश्न विचारले होते. तोंडी परीक्षेला घाईने उत्तर देणाऱ्यांची त्यांना चीड होती.

"गाडीत, हो. या सीटवर, नाही."

"बाबा, एकच काहीतरी सांगा."

"मग नाही."

मुलीने पोलीसबाईला सांगितलं की हो, अगदी खुशीने. पण मास्तरांनी मान आडवी हलवली होती, आणि पोलीसबाईचा विश्वास मानेवर बसला. तिने दार उघडून त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. जावयाकडे बोट दाखवून विचारलं की हा माणूस तुम्हाला त्रास देतो का.

"त्रास म्हणजे," मास्तर म्हणाले, "आरसा बघत नाही. गिअर टाकताना क्लच अर्धाच दाबतो. आणि बोललं की फुगतो."

मुलगी म्हणाली की हा तिचा नवरा आहे आणि हे तिचे वडील. तिला आणखी बरंच सांगायचं होतं, पण शब्द सगळे छत्रीचेच आठवत होते. जोडीदाराने कमरेच्या वायरलेस यंत्रावर काहीतरी बोलायला सुरुवात केली. जावयाने वर केलेले हात आता दुखायला लागले होते आणि खाली घ्यावेत तर कसे, ते त्याला कळत नव्हतं.

शेवटी पोलीसबाई मास्तरीणबाईकडे वळली. घरात सगळं नीट आहे ना, असं काहीसं तिने विचारलं. मास्तरीणबाईने भाषांतराची वाट पाहिली नाही. पर्स उघडली, कॅलेंडरचं पान काढलं, घड्या उलगडल्या आणि पोलीसबाईपुढे धरलं.

"तिला विचार गं, हे इथून किती लांब आहे? म्हणजे, जाता आलं नाही तरी कुठल्या दिशेला आहे ते तरी बघते."

पोलीसबाईने पान पाहिलं, तिचा चेहरा बदलला. तिने रस्त्याच्या पुढे बोट दाखवलं. जोडीदारही पान बघायला आला आणि यंत्र बंद करायचं विसरला. लोकांचं लक्ष आपल्यावरून उडालेलं मास्तरांना कधी सहन झालं नाही. ते रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिले आणि त्यांनी उजव्या हाताने सगळे इशारे क्रमाने करून दाखवले, तोंडाने नावं घेत, जसे ते पहिल्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांना दाखवत. तिसऱ्या इशाऱ्याला जोडीदाराने कपाळावर हात मारला. त्याने हवेत सायकलचं हँडल धरलं, पाय मारल्यासारखे केले आणि एक हात आडवा केला. सायकलवाले. आमच्याकडे सायकलवाले असं करतात.

मग दोघंही हसले. जावयाला हात खाली घ्यायची खूण झाली.

जे म्हटलं ते, आणि जे सांगितलं ते

पोलीसबाई मुलीला म्हणाली: "म्हाताऱ्यांना म्हणावं, हात आत ठेवा. सावकाश जा."

एवढंच.

दोन्ही पुरुष मुलीकडे बघत होते. एक घाबरलेला, एक ताठ, दोघंही थकलेले, आणि दोघांनाही इथल्या भाषेचं अक्षर येत नव्हतं. दवाखान्याच्या काउंटरवर रोज असेच चेहरे समोर असतात. तिने ओढणी नीट केली आणि काउंटरवरचा आवाज काढला.

"त्यांचं म्हणणं असं की यावेळी सोडतो. पण बाबा, इथून पुढे तुम्ही या गाडीचे अधिकृत मास्तर. त्यांनी नोंद केली आहे. मास्तरचे दोन्ही हात मांडीवर. धोका असेल तरच बोलायचं, तेही एका शब्दात. आणि तू शिकाऊ. फुगून बसायचं नाही. आरसा बघायचा, आणि बघितला की 'बघितला' असं म्हणायचं. गाडी मध्येच परत करायची नाही. तळ्याकाठी त्यांचा माणूस असतो, त्याला दोघांनी तोंड दाखवायचं."

जावयाने विचारलं, "एवढं सगळं म्हणाली?"

"त्यांच्या भाषेत ते थोडक्यात होतं."

मास्तरीणबाई पानाची घडी घालत होती. या वेळी तिने ती नेहमीपेक्षा सावकाश घातली.

दोन्ही हात मांडीवर: मास्तर

गाडी निघाली. मास्तर हात मांडीवर ठेवून बसले, फोटो काढायला बसतात तसे.

"बघितला," जावई म्हणाला.

"हं."

पुढचं गाव आलं. भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसची पाटी आली आणि गेली. कोणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बघितला."

"ट्रक," मास्तर म्हणाले, आणि घाबरून मागे वळून मुलीला विचारलं की हा एकच शब्द होता ना.

आता दोघांवर एकाच ठिकाणचं संकट होतं. त्यामुळे हळूहळू त्यांचं जमायला लागलं. जावई म्हणाला, बाई फार कडक होती. मास्तर म्हणाले की कडक होती, पण न्यायाची होती. शिकाऊ कोण आणि मास्तर कोण, हे तिने दोन मिनिटांत ओळखलं, घरच्यांना इतकी वर्षं जमलं नाही. मग धोका नसताना बोललो हे लक्षात येऊन ते गप्प झाले. बऱ्याच वेळाने त्यांनी परवानगी असल्यासारखं खाकरून विचारलं, "ब्रेक बरा मारता तुम्ही. कोणी शिकवलं?"

"तुम्हाला माहिती आहे, बाबा. पलीकडच्या गल्लीत."

"माहिती आहे." मास्तरांनी बाहेर पाहिलं. "तो माझ्याकडेच शिकला होता. ब्रेक तेवढा नीट उचलला त्याने."

हे सांगायला त्यांनी लग्नापासून आजचा दिवस लावला होता. जावयाने आरसा बघितला.

बोटाने दिशा दाखवणे: अर्थ जागेवरून ठरतो

तळं कॅलेंडरातल्यापेक्षा लहान निघालं. डोंगर तेच होते. काठाचा रस्ताही तोच होता, फक्त त्याच्या कडेला मोटारी लावायला पट्टे आखलेले होते. मास्तरीणबाई पाण्याजवळच्या बाकावर जाऊन बसली, इतरांकडे पाठ करून. स्कूलमध्येही ती अशीच बाकावर बसायची.

मुलीला तिच्या शेजारी जाऊन टेकायचं होतं. पण मास्तर आणि जावई गाडीतून उतरल्या उतरल्या त्या माणसाला शोधायला लागले. मुलगी म्हणाली, राहू दे, विसरला असेल. मास्तर म्हणाले की नोंद केलेली आहे. अखेर एक गणवेशातला माणूस सापडला. तो पोलीस होता की गाड्या लावून देणारा, हे सांगणं कठीण होतं. तो पाव खात होता. दोघं त्याच्यापुढे शेजारी शेजारी उभे राहिले आणि मुलीला पुढे ढकललं.

मुलगी इतकी दमली होती की तिला काही सुचेना. आता या माणसाला विचारावं तरी काय? तिने जे खरोखर हवं होतं तेच विचारलं: बाथरूम कुठे आहे.

तो माणूस पाव हातातच धरून दोन शब्द बोलला आणि झाडांकडे बोट दाखवलं.

"काय म्हणाला?" मास्तरांनी विचारलं.

"पास."

"दोघं?"

"दोघं. आता तिकडे जा म्हणतो."

मास्तरांनी त्या माणसाचा पाव नसलेला हात धरून हलवला. मग सासरे-जावई झाडांच्या दिशेने गेले. परत आले तेव्हा मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं; बाकापाशी जाऊन त्यांनी आधी 'दोघं पास' असं सांगितलं. सकाळपासून गैरसोय होत होती, म्हणाले, पण प्रश्न शिस्तीचा होता म्हणून बोललो नाही. इथल्या पोलिसांना माणसाची गरज न सांगता कळते.

निघायच्या वेळी मास्तर पुढच्या उजव्या दारापाशी गेले, तर दार आतून बंद झालेलं. सीटवर मास्तरीणबाई बसली होती. पर्स मांडीवर, पट्टा लावलेला.

"अहो, तुम्ही मागे बसा," ती म्हणाली. "तो मघाचा माणूस म्हणाला ना. पास झाल्यावर मास्तरने मागे बसायचं. आणि तळ्याच्या काठाकाठाने गाडी सावकाश न्यायची. तळं संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने आईकडे पाहिलं. आई तेव्हा लांब बाकावर होती, पाठ करून. तिला इथल्या भाषेतली छत्रीसुद्धा येत नव्हती. पण काउंटरवरच्या आवाजाची नक्कल तिने हुबेहूब केली होती. खरं तर तो आवाज मूळचा आईचाच होता, इतकी वर्षं मास्तरांचं म्हणणं शेजाऱ्यांना सांगून सांगून कमावलेला, हे मुलीच्या आत्ता लक्षात आलं.

"हो," मुलगी म्हणाली. "तेही म्हणाला तो."

मास्तर मागे बसले. जावयाने आरसा बघितला, आरशात मास्तर दिसले, आणि 'बघितला' हे त्याने मनातच म्हटलं. गाडी काठाच्या रस्त्याला लागली. मास्तरीणबाईने काच खाली घेतली आणि तळ्याच्या बाजूला हात बाहेर काढला. बोटं सैल, तळवा कुठेही, वाऱ्यावर नुसता सोडलेला.

मास्तर मागून तो हात बघत राहिले. तो वळण्याचा नव्हता, थांबण्याचा नव्हता, मागच्याला काही सांगण्याचा नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, धोका आहे का ते तपासलं, आणि मिटलं.